चाकावरचं घर

माझा नवनाथ चाकणला कंपनीत वेल्डर. त्यानं स्वतःच्या हातानं ट्रेलर बनवला, आत पलंग आणि शेगडीसुद्धा. "आई, हे आपलं चाकावरचं घर!" म्हणत मला आणि सुनेला सांदण दरी बघायला घेऊन आला. पोचल्यावर त्यानं गाडीपासून ट्रेलर सोडवला, तर सून दीपमाला म्हणते कशी, "आत्याबाई, तुमचे गुडघे दुखतात. तुम्ही घर सांभाळा, आम्ही दरी बघून येतो." गुडघे माझे, पण कळ हिच्या तोंडाला!

परत आल्यावर दोघांनी मला मोबाईलवर दरी दाखवली. मोबाईलात तर मी चऱ्होलीला घरी बसूनही बघितली असती.

मग निघायची घाई सुरू झाली, कारण नवनाथला दुसऱ्या दिवशी सकाळची शिफ्ट. पण ट्रेलर गाडीला जोडायची लोखंडी पिन काही सापडेना. तो गाडीखाली लोळून लोळून दमला.

"आई, पिन बघितलीस का गं?"

मी कमरेची पिशवी चाचपली. "घर म्हनलास न्हवं? मग घराची किल्ली सासूच्याच कमरेला असती. चल, धर माझा हात आन् दरी दाव. आन् सूनबाई, आता तुमी घर सांभाळा."