घरची शाळा

पाच वर्षांच्या नातीला घरीच शिकवायचं ठरलं. पण कसं, यावर मुलाचं आणि सूनबाईंचं जमेना. त्याला वही आणि वेळापत्रक हवं, तिला नुसता खेळ. शेवटी दोघांनी आठवडाभर आळीपाळीने शिकवायचं आणि रविवारी मी निकाल द्यायचा, असं ठरलं.

सोमवारी बाबाची पाळी झाली. मंगळवारी नात आईला म्हणाली, "बाबा एका अक्षराला एक बिस्कीट देतो." सूनबाईंनी दोन लावली. बुधवारी ती बाबाला म्हणाली, "आई घोडा होते." हा गडी हत्ती झाला, सोंडेला माझा पायमोजा लावून. आमच्या घराण्यातली थाप मी लगेच ओळखली. पण रोज अर्धं बिस्कीट माझ्या खिशात येत होतं, म्हणून गप्प बसलो. शुक्रवारपर्यंत हत्तीवर उशांची अंबारी चढली, वहीत 'अ' काही चढला नाही.

रविवारी दोघं धापा टाकत माझ्यासमोर उभे राहिले.

"अण्णा, खरं सांगा, कोणाची शाळा चांगली झाली?"

नातीने माझ्याकडे रोखून पाहिलं.

"दोघांचीही झाली," मी बिस्कीट गिळत म्हणालो.