दुसऱ्या हाताची वायर

वायर पुन्हा गायब होती. तिसऱ्यांदा.

टेबलावरच्या लाकडी पेटीत प्रीतीच्या सिंथची, म्हणजे विजेवर आवाज घडवणाऱ्या वाद्याची, मॉड्यूलं ओळीने बसली होती. उल्हासनगरच्या बाजारातून एकेक सुटा भाग आणून तिने स्वतः डाग देऊन जोडलेली. प्रत्येकाच्या तोंडावर भोकं, आणि भोकाभोकांतून चाळीसेक रंगीत वायरी एकमेकींच्या गळ्यात पडलेल्या. सगळ्या जागच्या जागी. नव्हती फक्त ती वीतभर पिवळी. मागच्या दोन वेळी तिने जास्तीची वायर लावून भागवलं होतं. आज जास्तीच्याही उचलल्या होत्या. पाच वाजून गेले होते. सातला विहारासमोर बुद्धपौर्णिमेचा कार्यक्रम, आणि तिथे बावीस वर्षांनी पप्पांचे जुने दोस्त कोंडाजीकाका ढोलकी वाजवणार होते.

एका हाताने. काकांच्या डाव्या हाताची चार बोटं अंबरनाथच्या एका कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या प्रेसखाली गेली, तेव्हा प्रीती चार वर्षांची होती. ढोलकी खुंटीला लागली ती लागलीच. म्हणून प्रीतीने त्यांच्या उजव्या हाताखाली एक चकती ठेवली. थाप पडली की चकतीतून विजेचा झटका निघायचा. त्याला गेट म्हणतात. गेट उघडं तेवढाच वेळ आवाज बाहेर, मिटलं की गप्प. तो एकच झटका ती दोन वाटांनी फिरवायची. एक वाट सरळ, उजव्या हाताची. दुसरी पिवळ्या वायरीतून, अर्धी मात्रा मागे रेंगाळत येणारी, डाव्या हाताची घुमणारी थाप. मशीनला वाटायचं, दोन हात आहेत. पहिल्यांदा ते घुमलं तेव्हा काका कितीतरी वेळ आपल्या तुटक्या पंजाकडे बघत राहिले होते, झोपलेलं मूल हललं की बघावं तसे.

"पप्पा, वायर द्या."

सुदाम खिडकीशी बसून टेबलफॅनच्या वायरीला हिरवी टेप गुंडाळत होता. जन्मभर त्याच कारखान्यात वायरमन होता. रिटायर झाला तरी हात गप्प बसत नव्हते. मिक्सरची पिन, दारावरची बेल, प्रीतीचा हेडफोन, घरात जे जे तुटलं त्याच्यावर हिरव्या टेपचे तीन वेढे.

"कुठली वायर?"

"नाटक करू नका हां, पप्पा. पिवळी."

स्वयंपाकघरातून आईचा, भागीरथीचा, आवाज आला, "अगं हळू! खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जातंय."

"जाऊ दे ना! कळू दे अख्ख्या शिरगावला, बाप पोरीच्या मुळावर उठलाय ते."

सुदामने शर्टाच्या खिशावर हात ठेवला. "बाकी काय हवं ते वाजव. ही मिळणार नाही. हात एकच असताना दोन आहेत म्हणून मशीनला खोटं सांगायचं नाही. माझ्या घरात नाही."

"खोटं? कुणाचं काय बिघडतंय त्यात?"

तो परत टेप गुंडाळायला लागला. त्या गुंडाळण्यानेच ती पेटली.

"तुम्हाला बघवतच नाही. गायन पार्टीत तुम्ही गायचात, काका वाजवायचे. त्यांची बोटं गेली आणि इकडे तुमचा गळा बसला. कायमचा. आता त्यांनी हात उचललाय तर तोही खाली ओढताय. एवढं काय लावून घेतलंय मनाला? त्यांची बोटं काय तुम्ही तोडलीत?"

"हो."

स्वयंपाकघरातली भांडी थांबली.

"त्या प्रेसला दोन बटणं होती," सुदाम टेपच्या रिळाशी बोलावं तसा बोलत होता. "दोन्ही हात दोन्ही बटणांवर, तेव्हाच प्रेस खाली यायची. म्हणजे खाली हात राहायलाच नको. सुपरवायझर म्हणाला, माल कमी निघतो. एक बटण कायमचं दाबलेलंय असं मशीनला वाटू दे. रात्रपाळी सुटल्यावर पॅनल उघडून मी त्या बटणाला वायर मारली. वीतभरच लागली. चौकशीत लिहिलं, कामगाराने स्वतःच छेडछाड केली. कोंडाजीला काढून टाकलं. त्या कागदावर खाली साक्षीदार म्हणून माझी सही आहे."

प्रीतीने टेबलाकडे पाहिलं. पिवळ्या वायरीची ती दोन रिकामी भोकं तिच्याकडेच बघत होती.

दारात चप्पल वाजली.

कोंडाजीकाका उभे होते. इस्त्रीचा पांढरा सदरा, एक चप्पल पायात, एक बाहेर. ते कधीपासून उभे होते, ते त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं. प्रीती पुढे झाली, तर त्यांनी तिला नजरेनेच बाजूला केलं. ते आत आले. बसले नाहीत.

"बावीस वर्षं," ते म्हणाले. "बावीस वर्षं तुझ्या घरी चहा पितोय. म्हटलं, आज बोलेल, उद्या बोलेल. पोरीने बोलतं केलं तेव्हा बोललास. लाज नाही वाटली रे?"

सुदामने मान वर केली नाही. "तुला... माहीत होतं?"

"पॅनलचं दार उघडंच होतं त्या दिवशी. मला उचलून नेत होते, तेव्हा दिसली. हिरवी टेप. तीन वेढे."

सुदामचा हात खिशात गेला. त्याने पिवळी वायर काढून पुढे धरली. कोंडाजींनी ती घेतली नाही. आपल्या एका अंगठ्याच्या पंजाने त्यांनी टेबलाकडे दाखवलं, जिथे ती दोन भोकं रिकामी होती.

"ती तूच लावली होतीस, सुदाम. आता ही पण तूच लाव."