मागून हाक

पत्र्याच्या कारखान्यात सगळ्यांच्या डोक्याला रुमाल बांधलेले, त्यामुळे आवाजापासून वाचायला दिलेले बोळे कानात आहेत की खिशात, ते कळायचं नाही. सुरक्षा बघणाऱ्या मॅडमनी त्यावर नामी युक्ती काढली होती. साचा बदलायला प्रेस थांबली, की त्या दबक्या पावलांनी मागे जायच्या आणि हळूच म्हणायच्या, "चहा आलाय." जो वळला, तो सापडला.

प्रेसवाले मामा कधीच वळले नाहीत. समोरून काही सांगितलं की ओठांकडे बघत हसून मान डोलवायचे, बस. "शिका जरा मामांकडून," म्हणत मॅडम बाकीच्यांचे कान उपटायच्या.

सुरक्षेचं बक्षीसही मामांनाच मिळालं. मॅडम सांगायला गेल्या तेव्हा जेवणाची सुट्टी होती, यंत्रं गप्प होती, आणि मामा पाठमोरे बसून सोडलेल्या रुमालाने मान पुसत होते.

"मामा, बक्षीस तुम्हाला."

मामा हलले नाहीत. सुट्टीतही बोळे काढत नाहीत म्हणजे कमाल आहे, असं म्हणत मॅडम हसत जवळ गेल्या. मामांचे दोन्ही कान रिकामे होते.



"मामा, चहा आलाय," मॅडम पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. आज तरी त्यांनी वळावं म्हणून.