सासऱ्यांचं मागणं

"तू बाहेरच थांब," सासरे म्हणाले आणि वाकून गुहेच्या दारातून आत गेले.

ती कातळाला टेकून उभी राहिली. जंगलातली दीड तासाची चढण चढून पायांचे तुकडे पडले होते, पण खरी धाकधूक वेगळीच होती. तिच्या प्रयोगशाळेत रक्त तपासणाऱ्या एका भल्या माणसाने तीन महिन्यांपूर्वी तिला लग्नाचं विचारलं होतं. त्याची आता दूरच्या शहरात बदली झाली होती. उद्या त्याला उत्तर हवं होतं.

नवरा तापाने जाऊन चार वर्षं झाली होती. घरात ती आणि सासरे, दोघंच. तिने त्यांना सगळं सांगितलं होतं आणि वर म्हणाली होती, "तुम्हाला सोडून मी कुठे जाणार, बाबा?" दुसऱ्या दिवसापासून मात्र त्यांचं डोकं फिरलं. भाजी खारट, इस्त्री वाईट, दार आपटतेस, दिवे चालू ठेवतेस. परवा तर त्यांनी जेवणाचं ताटच बाजूला सारलं. त्याआधी कधी एक वाकडा शब्द न बोललेला हा माणूस. ती न्हाणीघरात नळ सोडून रडली होती.

आणि आज सकाळी एकदम म्हणाले, देवाला जाऊन येऊ. तिने ओळखलं. या देवासमोर घेतलेली शपथ मोडायची त्यांच्या घरात कुणाची टाप नव्हती. आता ते तिला आत बोलावणार आणि घर सोडून जाणार नाही असं वदवून घेणार.

सासऱ्यांनी चाळीस वर्षं कारखान्यात पत्रा ठोकला होता. त्यात कान गेले. आपण केवढ्याने बोलतो याचा त्यांना पत्ताच नसे. शेजारणीचं खरं वय त्यांनी एकदा असंच हळूच सांगितलं होतं. शेजारीण अजून त्यांच्याशी बोलत नव्हती.

आत पिंडीसमोर बसून त्यांनी देवाच्या कानात मागणं मागितलं. गुहेने ते जसंच्या तसं बाहेर आणून टाकलं.

"देवा, तीन महिने झाले, तिच्याशी वाईट वागून बघतोय. तिच्या भाजीला नावं ठेवली. ताट सारलं. तिचे सुजलेले डोळे बघतो आणि मला घास उतरत नाही. तरी सकाळी माझं औषध काढून ठेवलेलं असतंच. याहून वाईट वागायला मला जमत नाही रे. आता तूच तिचं मन माझ्यावरून उडव. तिने मागे वळून बघता कामा नये. बघितलं तर ती जायची नाही. मी ओळखतो तिला."

तिला हुंदका आवरेना. धावत आत जावं, त्यांच्यापाशी बसावं आणि मी कुठेही जात नाही म्हणून सांगावं, असं तिला फार वाटलं.

"एवढं एकच दे," आतून पुन्हा आवाज घुमला. "माझ्यापायी पोरीचा जन्म वाया गेला, तर वर गेल्यावर मुलाला काय तोंड दाखवू?"

ती जागच्या जागी थांबली. तिने पदराने चेहरा पुसला.

सासरे गुडघे धरत बाहेर आले. "बघतेस काय? चप्पल घाल. तुझ्यामुळे उशीर झाला," ते खेकसले.

तिने नेहमीसारखं त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि आवाज चढवला. तो कापत होता, पण तेवढं त्यांना कळणार नव्हतं.

"बाबा, मला कंटाळा आलाय तुमचा. उद्या मी त्यांना हो सांगतेय."

सासरे तिच्याकडे पाहत राहिले. मग गुहेकडे वळून त्यांनी हात जोडले.

उतरण निसरडी होती. एरवी अशा वाटेवर ती त्यांचा हात सोडत नसे. आज ती दहा पावलं पुढे चालू लागली. मागे त्यांच्या काठीचा आवाज येतोय ना, एवढंच ती ऐकत होती. तो थांबला की तीही थांबायची, चपलेचा पट्टा नीट केल्यासारखं करायची आणि तो पुन्हा सुरू झाला की चालू लागायची. मागे वळून मात्र तिने एकदाही पाहिलं नाही.