खिडकीची जाळी

शनिवारी संध्याकाळी आठला दहा मिनिटं कमी असताना सतरा नंबरची पिवळी गाडी तिसऱ्या वळणावर भिंतीला धडकली, तशीच घासत थोडी पुढे गेली आणि थांबली. ट्रॅकभर पिवळे दिवे लागले. बाकीच्या गाड्यांनी वेग कमी केला.

गाडीत कर्टिस होता. त्याची बहीण नॅडीन आणि नऊ वर्षांची भाची मार्ला स्टँडमध्ये वरच्या ओळीत बसल्या होत्या. दोघी पहिल्यांदाच रेस बघायला आल्या होत्या. आणलं होतं नॅडीनच्या नवऱ्याने, हॉइटने. तो त्यांच्याजवळ नव्हता. तो स्टँडच्या छपरावर उभा होता, तोंडाशी रेडिओ धरून.

पट्ट्यांनी सीटला आवळलेल्या ड्रायव्हरला मान वळवता येत नाही. शेजारी कुणी आहे की नाही, हे त्याला छपरावरचा माणूस सांगतो. कर्टिससाठी ते काम हॉइट करायचा. हे बोलणं भाड्याच्या हेडफोनवर कुणालाही ऐकता येतं. हॉइटने फाटकाशीच दोघींसाठी हेडफोन घेतले होते आणि स्वतः सतरा नंबर लावून दिला होता. भावाला त्या भिंतीजवळून जाताना मला बघवणार नाही, असं नॅडीन घरून निघाल्यापासून म्हणत होती.

“मग डोळे मीट आणि मला ऐक,” हॉइट म्हणाला होता. “मी मोकळं म्हटल्याशिवाय तो इंचभर हलत नाही.”

पहिला अर्धा तास तसंच झालं. नॅडीनने डोळे मात्र मिटले नाहीत. ‘आत गाडी. अजून आहे. अजून आहे. मोकळं.’ तो शब्द कानात पडायचा आणि खाली पिवळी गाडी आतल्या बाजूला सरकायची, जणू हॉइटच ती बोटाने ढकलत होता. शेजारच्या ऑपलबाईंनी उकडलेल्या शेंगांची एक पिशवी मार्लाच्या मांडीवर ठेवली. त्या वर्षानुवर्षं त्याच जागी, घरून आणलेल्या त्याच उशीवर बसत आल्या होत्या. छपरावर तिचा नवरा आहे हे कळल्यावर, घरीही तो एवढं बोलतो का ग, असं त्यांनी विचारलं. घरी दोनदा विचारल्याशिवाय हूं की चूं करत नाही, असं नॅडीनने सांगितलं. दोघी हसल्या.

धडकेच्या जरा आधी मार्ला बाकावर उभी राहून मागे वळली. छपराच्या कडेला तिला बाबा दिसला. तिने शेंगांची पिशवी उंच धरून हलवली. हॉइटने हात वर केला.

हेडफोनमध्ये ‘आत गाडी, अजून आहे’ असं येऊन गेलं होतं. मग काहीच आलं नाही. मग आलं, ‘मोकळं.’

नॅडीन ट्रॅककडे बघत होती. आतली निळी गाडी अजून तिथेच होती. पिवळी तिच्यावर सरकली, मागचं चाक निळीच्या नाकाला लागलं आणि पिवळी गरकन फिरून भिंतीकडे गेली.

आता सगळा स्टँड उभा होता. ऑपलबाईंनी नॅडीनचा हात धरला आणि खिडकीकडे बघ म्हणाल्या. ड्रायव्हरच्या खिडकीला जाळी लावलेली असते. तो ठीक असेल तर सगळ्यात आधी ती जाळी सोडून खाली पाडतो. लोकांना कळावं म्हणून. जाळी पडली की टाळ्या वाजवायच्या.

सगळे जाळीकडे बघत होते.

“कर्टिस, जाळी सोड,” हॉइटचा आवाज आला. थोड्या वेळाने परत आला. “बोलू नकोस. नुसतं रेडिओचं बटण दाब.”

मागच्या ओळीतला एक माणूस म्हणाला की सतरावाल्याला घाई नडली, न बघता आत शिरला. ऑपलबाईंनीही मान हलवली. त्यांच्या हेडफोनवर दुसरा नंबर लावलेला होता. चांगला पोरगा आहे, पण दम धरत नाही, असं त्या म्हणाल्या.

“पण बाबा तर मोकळं म्हणाला,” मार्ला म्हणाली.

ऑपलबाईंनी एका कानावरचा हेडफोन बाजूला केला. “काय म्हणाली पोरगी?”

नॅडीनने मार्लाला खाली बसवलं.

“काही नाही. नवीन आहे ती,” ती म्हणाली. “तिला कळत नाही अजून.”

ॲम्ब्युलन्स भिंतीपाशी पोचली. दोन माणसं उतरून पिवळ्या गाडीकडे धावली. मार्लाने शेंगांची पिशवी बाकाखाली सरकवली. मग आईच्या दंडाला तोंड लावून तिने हळूच विचारलं, मी हात केला म्हणून का?

नॅडीनने तिचा हेडफोन काढून घेतला. स्वतःचा तसाच ठेवला. मग तिने वळून छपराकडे पाहिलं. हॉइट ट्रॅककडे बघत नव्हता. तो तिच्याकडे बघत होता. रेडिओ अजून तोंडाशीच होता.

“नॅडीन,” तिच्या कानात आवाज आला. “ऐकतेयस ना?”

तिला ऐकू येत होतं. त्या हेडफोनवरून उत्तर देता येत नव्हतं. मान हलवली असती तरी त्याला दिसलं असतं. तिने हलवली नाही.

“नॅडीन, मी...”

“हॉइट,” खालून मेकॅनिकांच्या मुकादमाचा आवाज मधे आला. “लाइन मोकळी ठेव. तो बोलेल कदाचित.”

त्यानंतर हेडफोनमध्ये नुसती खरखर होती. भिंतीपाशी दोघांपैकी एकाने गाडीच्या छतावर हात टेकला आणि खिडकीशी वाकून तो आत काहीतरी बोलू लागला. दुसरा स्ट्रेचर आणायला मागे फिरला. दिवे पिवळेच होते. जाळी अजून लागलेली होती.