कडा

"ताई, आजोबांना दोन नावं होती का हो?" चौकटवाल्यानं डोळ्याला लावलेलं भिंग न काढताच विचारलं.

"दोन कशाला? एकच साऱ्या घराला पुरून उरलं," ती हसत म्हणाली.

"मग हे बघा बरं."

त्यानं तिनं चौकटीत बसवायला आणलेलं आबांचं पदक उभं धरलं. बारीक कडेवर एक नंबर कोरलेला होता आणि पुढे नाव. घासून घासून पुसट झालेलं, पण गेलेलं नव्हतं. ते आबांचं नव्हतंच. ते उंच्याचं होतं.

उंच्या म्हणजे आबांचा फौजेतला जोडीदार. जखमी उंच्याला पाठीवर घेऊन आबांनी नदी पार केली, त्या बहादुरीचं हे पदक. ही गोष्ट तिनं शंभरदा ऐकलेली. दर वेळी आबा हजेरी घ्यावी तसं उंच्याचं पूर्ण नाव खणखणीत घ्यायचे, त्यामुळे तिची वाचण्यात चूक व्हायला जागाच नव्हती. उद्या वाचनालयात आबांचा फोटो आणि पदक लागणार होतं, आणि हीच गोष्ट ती चारचौघांत सांगणार होती.

दर रविवारी सकाळी आजोबा आणि नात पदक घासायला बसायचे. मऊ फडकं आणि चिमूटभर दंतमंजन. "मधलं तू घास, कड माझी," आबा म्हणायचे. कडेला धार असते, बोट कापतं म्हणे. तिनं आत्ता कडेवरून बोट फिरवलं. कसली धार न् कसलं काय! चांगली गुळगुळीत होती.

तिनं तिथूनच वडिलांना फोन लावला.

"बाबा, पदकाच्या कडेवर उंच्याचं नाव आहे."

 बाबा म्हणाले, "चौकटीत बसवल्यावर कड दिसत नाही ना?"

म्हणजे यांना माहीत होतं! तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"कोणी कोणाला उचललं होतं, बाबा?"

"त्यानं आबांना. गोळी आबांच्याच पायात लागली होती, ते कोणाला उचलणार, पोरी? पुढे वर्षभरानं तो छावणीत तापानं गेला. जाताना पदक आबांच्या हातात दिलं, घरी पोचव म्हणाला. घरी धाकटी बहीण होती."

"मग?"

"तिचं दर वर्षी पत्र यायचं. दादाचं काही सापडलं का म्हणून. आबा लिहायचे, सगळं नदीत गेलं." बाबांनी घसा खाकरला. "तुला आठवत असेल की. पाकिटावर तिकीट तूच लावायचीस."

आठवत होतं, न आठवायला काय झालं? आबांच्या मांडीवर बसून ती तिकीट जिभेला लावायची आणि पाकिटावर मूठ आपटायची. "शाब्बास, जवान!" आबा म्हणायचे. त्या एका शब्दावर तिचा अख्खा दिवस निघायचा. अहो आबा, जगात दुसरं कोणी मिळालं नाही का तुम्हाला या कामाला?

"ती आहे अजून?" तिनं विचारलं.

"गेल्या महिन्यातच पत्र आलंय. आबा गेले हे तिला कुठे ठाऊक! ठेवलंय कपाटात, तसंच." बाबांचा आवाज खाली आला. "हे बघ, उद्याचं भाषण नीट कर. गेलेल्या माणसाची अब्रू आहे."

तिनं फोन ठेवून दिला.

चौकटवाल्यानं एव्हाना पितळेची पाटी पुसून समोर मांडली होती. आबांचं नाव, आणि खाली नदीच्या पराक्रमाची एक ओळ. "मग काय करू, ताई? पाटी हीच लावू?"

"पाटी राहू द्या. नुसता फोटो बांधा." तिनं पदक रुमालात गुंडाळलं. "एखादा लहान खोका आहे का तुमच्याकडे? टपालानं जाईल असा."

त्यानं फळीवरून पुठ्ठ्याचा एक खोका काढून दिला. ती खोका हातात घेऊन तशीच उभी राहिली. तिच्या जिभेवर डिंकाची चव आली होती. लहानपणी ती तिला गोड लागायची.