कोणाचं वासरू

वासरू कवडीच्या कासेला लुचत होतं. चाटून चाटून तिनं त्याला पार कोरडं केलं होतं. ठकीनं बिल्ल्यांची पिशवी कुंपणाला अडकवली आणि कान टोचायची पक्कड हातात घेतली.

"कालवड आहे," आई खुशीत म्हणाली. "कवडीची कालवड! घाल बिल्ला आणि हो मोकळी."

पण ठकी या कामात घाई करत नसे. अस्सल वाणाचा कळप. एका वासराची आई चुकली, की पुढच्या सगळ्या पिढ्या चुकल्या. तिनं कवडीच्या मागून एक फेरी मारली. शेपटीखाली सगळं स्वच्छ होतं. पोट कालच्यासारखंच फुगलेलं.

"आई, कवडी अजून व्यायलीच नाही."

आईनंही मागे येऊन वाकून बघितलं.

पलीकडच्या कोपऱ्यात पारवी उभी होती. पहिलारू, पहिल्यांदाच व्यायलेली. तिची वार अर्धी बाहेर लोंबत होती. पायांपुढचं गवत ओलं होतं, आणि ती ते गवत चाटत होती. हंबरत नव्हती, शोधत नव्हती. नुसती चाटत होती.

"कवडीनं हिचं वासरू पळवलंय. व्यायला टेकलेली गाय करते कधी कधी असं."

"पळवलंय काय!" आई उसळली. "हिनंच टाकलं असेल. हिला हवं असतं तर गप्प राहिली असती का?"

"पहिलटकरीण आहे गं. तिला कळलंच नसेल काय झालं ते."

गाईला कोणी पहिलटकरीण म्हणत नाही. शब्द तोंडातून निसटला.

ठकी जिला आई म्हणत आली होती, ती तिची मावशी. जन्म देणारी पहिल्याच बाळंतपणात गेली. शुद्धीवर आलीच नाही, असं ठकीला लहानपणी एकदा सांगितलं होतं. पुढे त्या विषयाला घरात कोणी हात लावला नाही.

ठकीनं वासरू उचललं. कवडी शिंगं रोखून आडवी आली.

"धर तिला, आई."

आईनं कवडीचं दावं धरलं. ठकीनं वासरू पारवीपुढे ठेवलं. पारवीनं हुंगलं आणि ती मागे सरकली. अंगाला वास दुसरीच्या जिभेचा होता. ठकीनं मूठभर ओलं गवत उपटून वासराच्या पाठीवर, मानेवर खसाखसा चोळलं. पारवीनं पुन्हा नाक लावलं. बराच वेळ तशीच थांबली. मग तिच्या घशातून एक बारीक, खोल आवाज आला आणि ती वासराला चाटायला लागली.

"ओळखलं गं तिनं!" ठकीनं वळून पाहिलं.

आईचं वासराकडे लक्षच नव्हतं. ती पारवीच्या डोळ्यांकडे बघत होती.

"शुद्धीवर होती ती," आई म्हणाली.

"कोण?"

"तुला उचलून मी खोलीबाहेर निघाले ना, तेव्हा. डोळे उघडे होते तिचे. मी दारातून बाहेर पडेपर्यंत बघत होती. परत आले तोवर सगळं संपलं होतं." कवडी हिसके देत होती, दावं हाताला काचत होतं, तरी आईनं पकड सोडली नाही. "अजून बघते, ठके. रोज."

ठकीला आईजवळ जावंसं वाटलं, पण पाय हलले नाहीत. समोर कामच तेवढं होतं. तिनं पारवीच्या नावावर वासराची नोंद केली, गुडघ्यावर बसून त्याचा कान चिमटीत धरला आणि पक्कड दाबली.

वासरू कळवळून ओरडलं. दोन्ही गायी एकदम हंबरल्या.